नाकात बोलणारा कंट्रोलर

आमचे कंट्रोलर साहेब नाकात बोलायचे. तुम्ही म्हणाल त्यात काय नवल, एस.टी. स्टँडवरचे सगळेच कंट्रोलर नाकात बोलतात. बोलतात की. माईक हातात आला की चांगला खणखणीत आवाजाचा माणूससुद्धा नाक चिमटीत धरल्यासारखा "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणायला लागतो. पण माईक खाली ठेवला की ते परत माणसात येतात. आमचे साहेब येत नव्हते. घरी, लग्नात, मयतीला, किराणा दुकानात, सगळीकडं तोच आवाज आणि तीच भाषा. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या की जेवताना सुद्धा म्हणायचे, "शेंगाचटणी संपलेली आहे, घरच्यांनी नोंद घ्यावी." आणि ते गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून.

मी धाराशिवच्या डेपोत कंडक्टर आहे. गाडीतल्या माणसांना गोड बोलून पुढं सरकवता येत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, तेव्हापासून माझी जीभ तिखट झाली ती झालीच. म्हणून एक गोष्ट आधीच तोंडावर सांगून टाकते. हा माणूस वाचला असता. वाचायला पाहिजे होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, माझ्यासमोर सांगितलं होतं. त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे.

साहेब मूळचे जळकोटच्या पुढच्या एका खेड्यातले. घरी निम्मं कानडी. अंगानं काटकुळे, कपाळाला विभूती, खाकी शर्टाच्या आत गळ्यात लिंगाचा चांदीचा करंडा. मी सकाळी "जयभीम साहेब" म्हणायची, ते त्यांच्या लिंगायत रीतीनं "शरणार्थी" म्हणायचे. एखाद्या दिवशी मन प्रसन्न असलं तर माझ्या आधी तेच "जयभीम" म्हणायचे आणि मग मला "शरणार्थी" म्हणावं लागायचं. कुणी फालतू बडबड करायला लागलं की "सुम्नीर!" म्हणून गप करायचे. डेपोतल्या सगळ्यांना तेवढं एक कानडी येत होतं.

माईकवर त्यांनी नुसत्या गाड्या कधी सांगितल्या नाहीत. चौकशीच्या खिडकीतून सगळं स्टँड दिसायचं, आणि जे दिसेल ते माईकमध्ये जायचं. "गुलाबी लुगड्याच्या मावशी, सोलापूरची गाडी मागं आहे, तुम्ही लातूरच्या गाडीला हात करताय." "पांढऱ्या टोपीचे पाव्हणे, फलाटावर थुंकू नये, हे तुमचं वावर न्हाय." एकदा एक नवरा-बायको बाकड्यापाशी कचाकचा भांडत होते. बाई रडतीय, बाप्या हात उगारतोय, भोवती माणसं जमलेली. साहेबांनी माईक उचलला. "भांडण करणाऱ्या जोडप्याने कृपया लक्ष द्यावे. तुमची तेरची गाडी सुटत आहे. उरलेले भांडण गाडीत बसून करावे. पुरुषाने हात खाली घ्यावा." सगळं स्टँड हसलं. त्या माणसाचा हात खरंच खाली आला आणि दोघं गाडीत जाऊन बसले.

गाडी बिघडली तर बिघडली म्हणून सांगायचे. "परंड्याकडून येणारी गाडी रस्त्यात बंद पडलेली आहे. आशा सोडावी." वरून साहेब लोक ओरडायचे, असं बोलू नका म्हणून. पण प्रवाशांना हे लई आवडायचं. आशा सोडून माणूस दुसरी वाट तरी बघतो.

आणि या माणसाला गाडी लागायची. सगळी हयात एस.टी.त गेली आणि एस.टी.त बसलं की उलटी. सायकलवरनं कामावर यायचे, गावाला जायचं तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. आम्ही लई टिंगल करायचो. त्यांना त्याची लाज वाटायची, खरी लाज, म्हणून तो विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचे.

तर त्यांचा आवाज हळूहळू आणखी नाकात जायला लागला. कधीपासून, ते कुणीच सांगू शकणार नाही, कारण कुणी लक्षच दिलं नाही. दुसऱ्या कुणाचा आवाज असा बसला असता तर घरच्यांनी विचारलं असतं की सर्दी झाली का, दवाखान्यात जा. यांचा आवाज जाड झाला, घोगरा झाला, शब्द नाकापाशी येऊन अडकायला लागले, आणि आम्हाला वाटलं साहेब जसे म्हातारे व्हायला लागलेत तसे जास्तच कंट्रोलर व्हायला लागलेत. ड्रायव्हर लोक कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायचे. नक्कल रोज नवी करावी लागायची, तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही.

उन्हाळ्यात त्यांचा घोळणा फुटायला लागला. आमच्याकडं वैशाखात निम्म्या लोकांचं नाक फुटतं. कांदा फोडून हुंगायचा, टाळूवर गार पाणी थापायचं, घरात पडायचं, झालं. साहेब खिडकीत कांदा ठेवूनच बसायचे. रक्त आलं की कापसाचा बोळा डाव्या नाकपुडीत कोंबायचा आणि पुढची गाडी पुकारायची. मी सोलापूरची फेरी करून आले की मला तो बोळा दिसायचा.

पुढं संक्रांतीच्या आसपास, चांगली थंडी पडलेली, माझ्या अंगात स्वेटर, आणि साहेबांच्या नाकात बोळा. मी खिडकीत डोकं घातलं.

"साहेब, थंडीत कसला घोळणा हो?"

"उष्णता हाय अंगात."

"आणि ती बरी डाव्याच नाकपुडीत हाय."

"सुम्नीर," ते म्हणाले. पण बोळ्याखालून रक्त ओठावर आलं आणि पुसता पुसता त्यांच्या बाह्या भरल्या. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडातला नकार तोंडातच ठेवून त्यांना रिक्षात घातलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण आत घातली.

आत मांसाचा लालभडक गोळा होता. डॉक्टरांनी मला विचारलं, "यांचा आवाज कधीपासून असा आहे?" मी म्हणलं, पहिल्यापासून. ते म्हणाले, "असा नसणार. नाक आतून बंद झालंय. आवाज नाकातून येत नाही, नाकापाशी अडतोय."

तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला वेळ लागला, मग पुन्हा आणखी कसल्या तपासण्या, मग सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडं. गाठीचं नाव प्लाझ्मासायटोमा. डॉक्टर भला माणूस, सगळं मराठीत समजावून सांगितलं. रक्तात रोगाशी लढणाऱ्या काही पेशी असतात, त्यांचं घर हाडाच्या मगजात. कधीमधी त्या भलतीकडंच जमतात, नाकात, घशात, आणि तिथं त्यांची गाठ होते. लई क्वचित होतं असं. मग साहेबांच्या कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढून बघितला, सगळ्या अंगाचं स्कॅन केलं. दुसरीकडं कुठं काही नव्हतं. "एकटीच गाठ असेल तर शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन ती जाते," डॉक्टर म्हणाले. "चांगली जाते."

साहेबांनी एवढंच विचारलं, "क्वचित म्हणजे किती क्वचित?"

"माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये मी नाकातली अशी गाठ बोटांवर मोजण्याइतकी बघितली असेल."

ते ऐकून साहेब खुर्चीत जरा ताठ बसले. खोटं वाटेल, पण त्यांना थोडा अभिमान वाटला.

डेपोत मात्र दुसरंच सुरू झालं. नाकातनं रक्त आणि कॅन्सर, मग काय! कुणी म्हणालं चोरून तपकीर ओढत असणार, कुणी म्हणालं लोकांचा माईकवर अपमान केला त्याचं फळ. चौकशीच्या खोलीत एक माठ होता, सगळ्यांचा. एके दिवशी माठावरचा गिलास गेला आणि ज्याची त्याची बाटली आली. साहेबांचा डबा निघाला की समोरचा माणूस भूक नाही म्हणून उठायला लागला. आमच्या समाजाला हे नवीन नाही. माझ्या आजीनं असे गिलास लई बघितले होते, म्हणून मला ते पहिल्याच दिवशी दिसलं आणि माझं डोकं भणभणलं. मी भांडायला जाणार होते. साहेब म्हणाले, "तू गप बस. माझं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळची गर्दी ऐन भरात असताना स्पीकर खरखरला.

"प्रवाशांनी आणि विशेषतः कर्मचाऱ्यांनी कृपया लक्ष द्यावे. नियंत्रकाच्या डाव्या नाकपुडीत गाठ निघालेली आहे. ही गाठ तंबाखूची अथवा तपकिरीची नाही. नियंत्रक पानसुद्धा फक्त लग्नात खातात. ही गाठ गिलासातून, डब्यातून अथवा हात लावल्याने दुसऱ्यास होत नाही. ही गाठ दुर्मिळ असून सगळ्या जिल्ह्यात शोधून मिळणार नाही. पापपुण्याचा विचार ज्याने त्याने आपापल्या घरी करावा. तेरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे."

वडेवाल्याचा झारा हातातच राहिला. तेरची एक म्हातारी बोचकं सांभाळत खिडकीपाशी आली आणि गजातून आत बघत म्हणाली, "लई दुखतंय का रं बाबा?"

"दुखत न्हाय, मावशी. जाऊन बसा, जागा मिळणार न्हाय."

म्हातारी गेली. मी आत जाऊन माठातलं पाणी त्यांच्या तांब्यातून प्यायले, सगळ्यांना दिसेल असं. संध्याकाळपर्यंत माठावर गिलास परत आला. कुणी आणून ठेवला ते कळलं नाही.

शेक सोलापूरला, रोज, शनिवार-रविवार सोडून, महिन्याच्या वर. साहेब तिथं कुणाकडं राहायला तयार नव्हते. मग उरलं माझ्या गाडीनं रोज जाऊन-येऊन करणं. म्हणजे ज्या माणसाला गाडी लागते तो रोज तुळजापूरच्या घाटातून खाली उतरणार आणि वर चढणार. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी, डोळे गच्च मिटलेले. ओठ हलत असायचे. मला वाटलं मंत्र म्हणतात. कान देऊन ऐकलं तर येणारे थांबे पुकारत होते. कुणी प्रवासी उलटीच्या वासानं नाक मुरडायला लागला की मी त्याला मागं धाडायची. "एवढा वास येतोय तर टॅक्सी करायची की भाऊ, अडवलंय कुणी?"

शेकापेक्षा त्यांना त्या जाळीचा त्रास झाला. गरम प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून चेहऱ्याचा साचा घेतात, मग रोज तीच जाळी तोंडावर घालून टेबलाला आवळतात, नाक जराही हलू नये म्हणून. "बोलता येत न्हाय बघ आत," ते मला पहिल्या दिवशी परत येताना म्हणाले. "जबडा हलत न्हाय. डोळ्याम्होरं नुस्ती भोकं." पुढं तोंड आतून सोलून निघालं, थुंकी आटली, भाकरीची चव गेली. कडक भाकरी कुडूमकुडूम खाणारा माणूस ताकात कालवून गिळायला लागला. पण एक दिवससुद्धा चुकवला नाही त्यांनी. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले की त्यांना स्वतःच्या जिवाची किंमतच नव्हती. होती. रोज ओकत ओकत जाणाऱ्या माणसाला जिवाची किंमत नसते होय?

आणि गाठ गेली. दुर्बीण घातली तर आत साफ. डॉक्टर खूश, काकूंनी सगळ्या डेपोला पेढे वाटले. साहेब परत माईकवर बसले.

तर त्यांचा आवाज साफ झालेला! नाक मोकळं, शब्द सुटे, एखाद्या शाळामास्तरासारखा साधा, बारीक आवाज. आणि स्टँडवर कुणी लक्ष देईना. माणसांच्या कानाला वर्षानुवर्षं त्या नाकातल्या आवाजाची सवय, तो आला की मान आपोआप वर व्हायची. हा नवा आवाज कॅसेटवरच्या जाहिरातीसारखा डोक्यावरून जायला लागला. सोनारीच्या गाडीचे प्रवासी गाडी समोरून गेली तरी बसूनच राहिले, आणि मग खिडकीवर येऊन भांडायला लागले, "त्यो नाक्या न्हाय व्हय आज? त्यो बरा सांगायचा." साहेबांना आपलं हे नाव तोवर माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मी गाडी लावून आत गेले तर साहेबांनी एका हातात माईक धरला होता आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत स्वतःचं नाक. त्या नाकासाठी एवढा शेक खाल्ला, आणि आता तेच दाबून पुकारत होते, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." बाहेर माना वर झाल्या. मी हसत सुटले, मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, "हसू नको. ऐकू जायला पायजे त्यांना." त्यानंतर ते कायम तसंच पुकारायचे.

आता मुद्द्याचं. शेक संपला त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि काकूंना समोर बसवून सांगितलं होतं. "नाकातलं गेलंय. पण याच पेशी पुढं हाडांत जाऊ शकतात. सगळ्यांच्या जात नाहीत, काहींच्या जातात. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी तपासायची. वेळेवर सापडलं तर औषधं आहेत, वर्षानुवर्षं चांगलं जगतात लोक. आणि हाड दुखलं, कंबर दुखली, तर दिवस बघू नका. तसेच निघा."

कंबर दुखली तर! अहो, एस.टी.त कुणाची कंबर दुखत नाही? ड्रायव्हरचे मणके गेलेले, कंडक्टरचे गेलेले, वर्कशॉपवाल्यांचे गेलेले. मी स्वतः पट्टा बांधते. आमच्याकडं कंबर दुखते म्हणणं म्हणजे तहान लागली म्हणण्यासारखं आहे, समोरचा मान सुद्धा वर करत नाही.

पहिल्या दोन तपासण्यांना साहेब आले. रिपोर्ट चांगले. मग एक चुकली, मग आणखी एक. गाडी लागते, रजा मिळत नाही, रिपोर्ट चांगलाच आहे. आणि एक दिवस मला त्यांच्या शर्टाच्या आत पट्टा दिसला.

"हे कधीपासनं?"

"कशाचं काय? खुर्ची मोडकी हाय, बसून बसून आखडली कंबर."

"डॉक्टर काय म्हणले होते, आठवतंय का?"

"मंग आख्खा डेपोच न्यावा लागंल सोलापूरला," ते म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी सरळ त्यांच्या घरी गेले. काकू लसूण घालून तेल तापवत होत्या. रोज सकाळी सतरंजीवर पालथं झोपवून कंबर रगडायच्या. "त्येनं बरं वाटतंय म्हणत्यात. जोर लाव म्हणत्यात. काल म्हणले, जोर लावण्यात यावा, भाकरी थापू नये." काकू हसायला लागल्या. मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं परत सांगितलं तसं त्यांनी तेल खाली उतरवलं. "पर ती हाडं येगळी असतील न्हवं? ही तर कंबर हाय. ह्यांच्या खात्यात सगळ्यांचीच दुखती." मी काय सांगणार? मला तरी कुठं कळत होतं वेगळी हाडं कोणती ते. पण मी हट्ट धरला, काकूंनीही धरला, आणि साहेब सोमवारी यायला कबूल झाले.

सोमवारी आले. धुतलेला शर्ट, लिंबू, पिशवी. ड्रायव्हरच्या मागची सीट मी रुमाल टाकून धरली होती. गाडी गच्च भरलेली. दिवस नेमका सोनारीच्या यात्रेचा. सगळं स्टँड माणसांनी फुललेलं, आणि माईकवर बदलीला बसलेला नवा माणूस. त्यानं यात्रेची गाडी एका फलाटावर सांगितली आणि गाडी लागली दुसऱ्यावर. झालं! बाया, पोरं, नारळाच्या पिशव्या, सगळा लोंढा आमच्या चालू गाडीच्या पुढून पळायला लागला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. साहेबांनी डोळे उघडले, खिडकीतून बघितलं आणि उठले.

"साहेब, खाली बसा."

"माणूस चाकाखाली जाईल एखादं."

"दुसरे आहेत बघायला! बसा म्हणते ना!"

"पुढच्या सोमवारी," ते म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून एकेक पायरी उतरले. गर्दीत शिरून त्यांनी हात आडवे केले, नाक दाबून ओरडले, माणसं थांबवली. मग आमच्या ड्रायव्हरकडं वळून त्यांनी शिट्टी मारली आणि हातानं खूण केली, काढ गाडी. कंट्रोलरनं शिट्टी दिली की गाडी हलते. मागं सगळी माणसं कोंबलेली, कुणाला दवाखाना, कुणाला कोर्ट. मी दारात उभी राहून शिव्या दिल्या त्यांना, चारचौघांत, खऱ्याखुऱ्या. ते हसले. रुमाल सीटवर तसाच होता, तुळजापूरपर्यंत मी तिथं कुणाला बसू दिलं नाही.

पुढचा सोमवार आलाच नाही. मधेच एका सकाळी काकूंचा फोन. कंबर रगडून झाली, साहेब हात टेकून उठायला गेले, आतून कड्कन आवाज झाला आणि पाय उचलेनात. सोलापूरला नेलं ते अँब्युलन्समधून. मणका दबून चेपला होता. डॉक्टरांनी फोटो लावून दाखवला. पाठीच्या कण्यात, बरगड्यांत, मांडीच्या हाडात सगळीकडं कुरतडल्यासारखी काळी भोकं. मगजात तीच पेशी भरलेली. किडनीसुद्धा धरली होती.

मी डॉक्टरांना बाहेर गाठलं. म्हणलं, आम्ही पट्टा बघितला तेव्हाच आणलं असतं तर?

"तर हे हाड मोडायच्या आधी औषध सुरू झालं असतं," ते म्हणाले. "किडनीही वाचली असती बहुतेक. चालतेबोलते असते अजून." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता त्याचा विचार करू नका." कशी करणार नाही!

पुढचे महिने साहेब खाटेवर होते. इंजेक्शनं झाली, पाठीला शेक झाला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर रक्त धुणं झालं. माणूस मुटकुळं होऊन गेला. आवाज शाबूत होता, पण पुकारणं बंद झालं. साधं बोलायचे, पाणी दे, कूस बदल. मला ते ऐकवत नव्हतं. एकदा मी जवळ बसलेले असताना म्हणाले, "मी उतराय नको होतं त्या दिवशी."

मला एवढा राग आला! म्हणलं, "आता कशाला सांगताय? आता मी काय करू त्याचं?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "तू बराबर वरडत हुतीस, एवढंच." मी खाटेच्या लोखंडावर डोकं टेकून रडले. त्यांनी मला गप बस म्हणलं नाही.

पावसाळा संपता संपता गेले. जळकोटच्या पुढं त्यांच्या वावरात समाधी दिली. त्यांच्यात मातीत बसवतात, मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. अंगभर विभूती लावली, बेल वाहिला. खाली उतरून चौघं जण त्यांना बसवायला लागले, पण पाठ धरत नव्हती, अंग पुढं कलंडायचं. मागून हात लावून एकानं जरा जोरात सरळ केलं. काकू काठावरून ओरडल्या, "अरं हळू, हळू बसवा! कंबर दुखती त्यांची." जंगम स्वामी मंत्र म्हणायचे थांबले. माझ्या ड्रायव्हरनं तोंड फिरवलं.

कार्य झाल्यावर काही दिवसांनी मी काकूंकडं गेले. कार्यापुरता आलेला त्यांचा मुलगा पुण्याला परत गेलेला, त्या एकट्याच सतरंजीवर बसलेल्या. "जयभीम काकू" म्हणलं, त्यांनी मान हलवली. मी शेजारी बसले तर त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं केले, तळवे वर.

"पोरी, एक इचारू का? तू डॉक्टरांसंगं बोललीस म्हणून इचारते. त्या दिशी म्या लई जोर लावला व्हता. ते म्हणत व्हते लाव, लाव. आन् उठले, आन् मोडलं. माझ्या हातानं मोडला का गं त्यो मणका?"

"न्हाय काकू. हाडं आतनं पार पोकळ झालती. डॉक्टर म्हणले, नुस्ता खोकला आला असता तरी मोडला असता."

त्यांनी ते ऐकलं. डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

"खोकल्यानं मोडतंय म्हणतीस. मंग हातानं का मोडणार न्हाय?"

गाडीत कुणालाही एका वाक्यात गप करणारी मी, त्या बाईपुढं तेच तेच परत सांगत बसले. मी म्हणलं, "न्हाय. तुमच्या हातानं न्हाय मोडला, काकू. मी सांगते ना."

"तू व्हतीस का तिथं?"

"नव्हते," मी म्हणलं.

काकूंनी हात पदराखाली घेतले.